दुपारी टायरची हवा का सोडू नये?



गेल्या हंगामात आपल्या गाडीतळावर एक प्रकार पाहिला. भर दुपारी ऊस घेऊन आलेल्या ट्रॉलीच्या टायरला गेज लावून ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हवा लई झाली, फुटंल!" आणि फुस्स करून आठ पौंड सोडून मोकळा झाला. गडी हुशार, पण इथं चुकला.

वायूचे सगळे गणित दाब आणि उष्णता यांवर चालते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटा. हवा निम्म्या जागेत कोंबली, की दाब दुप्पट. इंग्लंडच्या रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ साली हा नियम मांडला. उष्णतेचे असे, की तापला की वायू पसरतो. तरंगत्या लोखंडी टाकीचा गोबरगॅस ज्यांच्याकडे आहे, त्यांनी टाकी उन्हाने वर चढलेली पाहिली असेल. १५ अंश सेल्सिअसचा १०० घनफूट वायू ४० अंशांना सुमारे १०९ घनफूट होतो. घरात वाटते गॅस वाढला. जळायला तो तेवढाच.

टाकीला वर सरकायला वाव असतो, टायरला नसतो. म्हणून तिथे जागेऐवजी दाब वाढतो. समजा पहाटे १५ अंशांत ५० पौंड हवा भरली. बाहेरच्या हवेचा दाब १५ पौंड, तो गेज दाखवत नाही. तो धरून झाले ६५. या हिशेबात अंशांमध्ये २७३ मिळवावे लागतात (पदविकेच्या परीक्षेला मी हे नुसते पाठ केले होते!). पहाटेचे २८८, आणि दुपारी टायर ५० अंश तापला तर ३२३. ६५ ला ३२३ ने गुणून २८८ ने भागले की ७३. त्यातून १५ वजा, गेजवर ५८. आत हवा मात्र पहाटेएवढीच.

आता ते आठ पौंड सोडले, तर दुसऱ्या पहाटे गार टायरमध्ये ४३ च पौंड उरतात. असा टायर भरल्या ट्रॉलीखाली बसतो, त्याची बगल सारखी दुमडते, त्यानेच तो आणखी तापतो आणि आतले थर सुटतात. फुटायची खरी भीती इथे आहे. आणि फुटतो तो रस्त्यात, रात्री. माणसाच्या जिवाला धोका, शिवाय ऊस वाळून वजन घटते ते वेगळेच.

टायर कंपनी हवेचा जो आकडा सांगते तो गार टायरचा असतो. म्हणून पहाटे, गाडी हलवण्याआधी हवा तपासा. गेज स्वतःचा ठेवा. दुपारी हवा कमी दिसली, तर मात्र उद्यावर टाकू नका. तिथेच भरा आणि पंक्चर आहे का बघा.

— ऊस विकास अधिकारी