कॉलेजचं फाटक, मनाई आदेश आणि पोलिसांची काठी

सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी अधूनमधून येतच असते: जिल्ह्यात मनाई आदेश लागू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१) व ३७(३). कट्टा गावात चहाबरोबर पेपर वाचणारा माणूस ती सोडून मासळीच्या भावाकडे वळतो. पण त्याच घरातला मुलगा मालवणला स. का. पाटील महाविद्यालयात जात असेल आणि कुठल्या मोर्च्याचं नाव काढेल, तर तीच बातमी त्याला ऐकवली जाते. "तुका कित्याक व्हयी ही नसती भानगड? पाच जण जमले की धरतत."

पाच जण जमले म्हणून कोणी धरत नाही. तसं असतं तर स्टँडवर एसटीची वाट बघणारे रोज आत गेले असते. बेकायदेशीर जमाव ठरायला पाच किंवा अधिक माणसं तर लागतातच, शिवाय त्यांचा सामाईक हेतूही बेकायदेशीर असावा लागतो; भारतीय न्याय संहितेचं कलम १८९ तेच सांगतं. ३७(३) खाली जमावाला मनाई करता येते हे खरं. मात्र राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, म्हणून तर ती बातमी पुन्हा पुन्हा येते. अशा आदेशात लग्नकार्य, अंत्ययात्रा वगैरेंना बहुधा सूट असते, आणि सभा-मिरवणुकीला परवानगी मागायची वाट उघडी असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली हिंमतलाल शहा खटल्यात सांगितलं की, रस्त्यावरच्या सभांना सरकार शिस्त लावू शकतं, पण सरसकट बंदी घालू शकत नाही. तेव्हा परवानगीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी पडतं.

दुसरा समज पोरांचा लाडका आहे: प्राचार्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना कॉलेजात पाऊल टाकता येत नाही. असं कलम कुठेच नाही. विचारून येणं हा संकेत आहे, आणि तो चांगला आहे; पण दखलपात्र गुन्ह्याच्या तपासाला फाटक अडवू शकत नाही. शिवाय पुष्कळदा पोलिसांना बोलावणारी संस्थाच असते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १८ ऑगस्ट २०१५ च्या मध्यरात्री पोलीस शिरले आणि पाच विद्यार्थ्यांना धरून घेऊन गेले, ते संचालकांना घेराव घातल्याच्या तक्रारीवरून. फाटकाचा भरवसा धरून बसलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग विद्यार्थ्याला आधार कशाचा? क्रमाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे जमावाला पांगण्याचा हुकूम आधी द्यावा लागतो. तो कार्यकारी दंडाधिकारी देतो किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी. प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. दूरक्षेत्रावरच्या हवालदाराच्या मनात आलं म्हणून लाठीमार, असं कायद्यात बसत नाही. हुकूम ऐकला नाही, किंवा ऐकणार नाही हे वागण्यातून उघड दिसलं, तरच बळ. तेही जमाव पांगेपर्यंतच. पळणाऱ्याच्या पाठीत काठी घालणं म्हणजे पांगवणं नव्हे, ती शिक्षा झाली, आणि शिक्षा देण्याचं काम पोलिसांचं नाही. बळाच्या वापराचे जे नमुना नियम पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने १९६४ साली स्वीकारले, त्यांत काठी शरीराच्या मऊ भागावर मारावी, डोकं आणि गळपट्टीचं हाड शक्यतो टाळावं असं लिहिलं आहे. म्हणजे फुटलेलं डोकं दिसलं की पहिला प्रश्न त्या नियमाचा. अनिता ठाकूर खटल्यात (२०१६) आंदोलकांनी सुरुवात केली हे मानूनही, जमाव आटोक्यात आल्यावर चालू ठेवलेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. उलट बाजूही सांगतो: दगड उचलला की शांततापूर्ण आणि नि:शस्त्र जमण्याच्या हक्कातून तुम्ही बाहेर पडलात. संविधानात हे दोन्ही शब्द आहेत.

आता खरी अडचण. कॉलेजात काठी क्वचित येते, गुन्हा सहज दाखल होतो. २ फेब्रुवारी २०२४ ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवरचं विद्यार्थ्यांचं नाटक कार्यकर्त्यांनी बंद पाडलं. अटक झाली विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना; दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. "लोक चिडले म्हणजे बोलणाराच दोषी" हा समज पोलीस ठाण्यातही किती घट्ट आहे ते यातून दिसतं. १९८९ सालीच रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की, निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येत नाही, विरोधी जमाव आवरणं हे सरकारचं कर्तव्य आहे. त्याआधी, १९४६ मध्ये, नागपूरला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी शब्द तोलायचा काटा दिला: धीराच्या, समंजस माणसावर त्यांचा काय परिणाम होईल ते पाहा, उठसूट घाबरणाऱ्यावर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात हाच काटा पुन्हा हाती घेतला गेला. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या आतली असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही त्यात आहे.

मोबाईलवरचं लिखाण वेगळं नाही. पालघरला नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. तरी २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात अभियांत्रिकीची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी येरवडा तुरुंगात गेलीच. ऑपरेशन सिंदूरविषयीची दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली, थोड्या वेळात काढून टाकली, माफी मागितली. महाविद्यालयाने म्हणणं न ऐकताच नाव काढलं. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका केली, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि सरकारला खडे बोल सुनावले. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळल्यावर ज्यांनी रागाने काही लिहिलं, त्यांना सांगायला हवं की सरकारवर, ठेकेदारावर टीका करणं हा गुन्हा नाही. समाजासमाजांत वैर पेटवणं हा आहे.

बोलण्याचा हक्क अमर्याद मात्र नाही. संविधानाच्या कलम १९(२) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, आणि निर्बंध 'वाजवी' असावेत ही अटही तिनेच घातली. जाता जाता: ज्यांच्या नावाचं सेवांगण कट्ट्यात आहे त्या बॅ. नाथ पैंनी १९६७ साली, गोलकनाथ निकालानंतर, मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून विधेयक आणलं होतं. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग भोगलेला माणूस हे मागतो, तेव्हा त्याचा भरवसा संसदेवर असतो. आजच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं.

राहिली चारित्र्याच्या दाखल्याची धास्ती. इकडच्या आईबापांना काठीपेक्षा ती जास्त. एकदा गुन्हा नोंदला की पोलीस भरती, पासपोर्ट, आखातातली नोकरी, सगळं बुडालं असं समजतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस येते, तिला हजर राहायचं. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची तर असाधारण कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी. अकरावी-बारावीतलं अठरा वर्षांखालचं मूल कोठडीत ठेवताच येत नाही, ते बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तिथल्या निकालामुळे ते सहसा नोकरीला अपात्रही ठरत नाही. नुसत्या एफआयआरने पासपोर्ट अडत नाही. खटला न्यायालयात उभा राहिला तरी त्याच न्यायालयाकडून परवानगी मिळू शकते. नोकरी जाते ती बहुधा वेगळ्या कारणाने. साक्षांकन नमुन्यात गुन्हा नोंद आहे का असं विचारतात, आणि कोणीतरी शहाणा 'नाही' लिहायला सांगतो. अवतार सिंग निकालाप्रमाणे (२०१६) किरकोळ गुन्ह्याकडे, खरं सांगितलं असेल तर, मालक दुर्लक्ष करू शकतो. खोटं लिहिणं हेच काढून टाकायला कारण ठरू शकतं. त्या रकान्यात 'होय' लिहावं आणि सोबत खटल्याचा नंबर द्यावा.