धूर निघण्याआधी
कोल्हापुरात माळ्यावर जुना संगणक सापडला, तर लगेच प्लग लावू नका. १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. मेमरी अवघी ३२ केबी, तरी जपावीत अशीच ही यंत्रं. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कागदी कपॅसिटर असतात. कालांतराने त्यांच्या कवचाला भेगा पडतात, इथल्या लांबलेल्या पावसाळ्यातली ओल आत मुरते आणि २३० व्होल्ट मिळताच कागद जळून खोलीभर उग्र धूर होतो. मुख्य बोर्ड मात्र बहुधा शाबूत राहतो. म्हणून आधी प्लास्टिक फिल्मचे नवे कपॅसिटर बसवावेत, तेही जाणकाराकडूनच. प्लग काढल्यावरही आत धोकादायक विद्युतभार उरू शकतो. नंतर सॉकेटमधल्या चिप काढून पुन्हा घट्ट बसवल्या, की गंजलेले संपर्क पुष्कळदा जुळतात.