सर्पगंधेचे बी

घरच्या घरी औषधी वनस्पती लावावयाच्या म्हटले की तुळस, कोरफड, गवती चहा, पानओवा ही नावे चटकन पुढे येतात. ह्या साऱ्या वनस्पती स्वभावाने उदार आहेत. तुळशीच्या मंजिऱ्या मातीत झडल्या की पुढल्या पावसात तिची रोपे आपोआप उभी राहतात. कोरफडीचा तर विसर पडला तरी ती रागावत नाही. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती वनस्पती इतकी उदार नाही. तिचे बी रुजवावयास चिकाटी लागते, आणि ज्या भागासाठी तिची कीर्ती आहे तो मिळवावयाचा तर तिला समूळ उपटावे लागते. ही वनस्पती म्हणजे सर्पगंधा.

सर्पगंधा हे हातभर उंचीचे लहानसे झुडूप आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून बिहार, बंगाल, आसाम येथील ओलसर जंगलांत आणि इकडे कोकणापासून केरळापर्यंत सह्याद्रीच्या सावलीत ते वाढते. हिंदीत त्याला ‘छोटा चांद’ म्हणतात. बिहारात ते ‘पागल की दवा’ ह्या नावाने ओळखले जाई. ह्या दुसऱ्या नावात त्याचा निम्मा इतिहास सामावला आहे. वेडाचे झटके आलेल्या माणसास शांत करण्यासाठी तिकडचे लोक ह्याचे मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले होते.

आधुनिक शास्त्राचे लक्ष ह्या मुळाकडे वळले ते १९३१ साली. त्या वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी व त्यांच्या सहकाऱ्याने मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन व बोस ह्या वैद्यकीय व्यावसायिकांनी हे मूळ रक्तदाबावर व मनोविकारावर उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर घेतलेल्या अनुभवाचा निबंध ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात छापून आला आणि जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ‘रेसर्पिन’ हे मुख्य द्रव्य हाती आले, आणि १९५७ साली डॉक्टर वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

कीर्तीचे ओझे मात्र त्या झुडपाला पेलावे लागले. पान खुडले तर झाड पुन्हा फुटते, फळ तोडले तर पुढल्या वर्षी पुन्हा धरते. परंतु मूळ काढले की झाडच संपते. मुळाला भाव आला तशी जंगलातील झुडपे बी धरण्याआधीच उपटली जाऊ लागली. अखेर १९९० साली दुर्मीळ वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सर्पगंधेचा समावेश करावा लागला. म्हणून पहिला नियम हाच की, लागवडीसाठी जंगलातून रोप आणावयाचे नाही. बी किंवा रोप घ्यावे ते वनखात्याच्या रोपवाटिकेतून, कृषी विद्यापीठाच्या औषधी उद्यानातून, अथवा कुणाच्या लावलेल्या झाडावरून.

आता प्रत्यक्ष बियाकडे वळू. सर्पगंधेचे फळ वाटाण्याएवढे असते. ते आधी हिरवे, मग लाल आणि पूर्ण पिकल्यावर जांभळट काळे होते. सगळी फळे एकदम पिकत नाहीत. पावसाळ्याच्या आरंभापासून हिवाळा लागेपर्यंत ती थोडी थोडी तयार होत राहतात. काळी झालेली तेवढीच तोडावीत. ती हाताने चोळून गर काढावा, आतील आठळ्या धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. ह्या आठळीचे कवच कठीण असते आणि दुर्दैव असे की पुष्कळशा आठळ्यांत गाभा भरलेलाच नसतो. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. सर्पगंधेचे बी ‘उगवत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे एक मोठे कारण हे पोकळ बी होय.

पारख सोपी आहे. पेरण्यापूर्वी बी रात्रभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी जे तरंगत असेल ते काढून टाकावे. तळाशी बसलेले जड बी तेवढे पेरावे. शिवाय बी ताजे असावे. वर्ष उलटलेल्या बियावर भिस्त ठेवू नये. एवढे करूनही शंभरांतील दहा-वीसच उगवली तर ते अपयश समजू नये. म्हणून चार रोपे हवी असतील तर निदान चाळीस-पन्नास बिया पेराव्यात.

पेरणीचा काळ मे महिन्याची अखेर ते जून. दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण उथळ कुंडीत भरावे. बी बोटाच्या पेराहून खोल जाऊ देऊ नये. कुंडी अर्धवट सावलीत ठेवून झारीने हलके पाणी द्यावे. माती ओलसर हवी, चिखल नको. पहिले अंकुर साधारण दोन-तीन आठवड्यांनी दिसतात आणि मागाहून महिना-दीड महिन्यापर्यंत एखाददुसरा येत राहतो. पंधरा दिवस वाट पाहून कुंडी उलटी करणाऱ्यास हे झाड लाभत नाही.

रोप चार बोटे उंच होऊन त्यास चार-सहा पाने आली की पावसाची उघडीप पाहून ते मातीच्या गोळ्यासह हलवावे. सर्पगंधेचे सोटमूळ खाली हातभर जाऊ पाहते. म्हणून नवी कुंडी निदान दीड फूट खोल असावी आणि तिच्या तळाशी पाणी निघून जावयास वाट असावी. जमिनीत लावल्यास दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर ठेवावे. फांदीच्या कलमानेही झाड होते. परंतु बियाच्या रोपाला जसे भरदार मूळ सुटते तसे कलमाला सुटत नाही.

आपण मराठी माणसे नोकरीनिमित्त देशभर विखुरलेलो आहोत. मुंबईच्या दमट हवेत हे झाड वर्षभर हिरवे राहू शकेल. दिल्ली किंवा लखनौच्या थंडीत मात्र त्याची पाने गळतील आणि निव्वळ काटकी उरेल. ते मेले असे समजून उपटू नये. पाणी कमी करावे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फूट येण्याची वाट पाहावी.

एक सावधगिरी खरेदीची. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतून आलेले ह्याच कुळातील दुसरे एक झुडूप रोपवाटिकांत पुष्कळदा सर्पगंधा म्हणून विकले जाते. त्याच्या प्रत्येक पेरावर बहुधा चार पाने असतात आणि ती लहानमोठी असतात. खऱ्या सर्पगंधेच्या पेरावर बहुधा तीन पाने असतात व ती जवळजवळ सारखी असतात. तिचे फूल लांब नळीचे, पांढरे वा गुलाबी छटेचे आणि देठ तांबडे असतात.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. हे मूळ घरी उगाळून वा चूर्ण करून घेऊ नये. त्यातील द्रव्यांचे प्रमाण झाडाचे वय, माती आणि ऋतू यांनुसार बदलते. चिमटीने त्याची मात्रा ठरत नाही. त्याने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, नाडी मंदावते, सुस्ती व खिन्नता येते. पोटातील व्रण बळावतो. गर्भवतीस ते वर्ज्य आहे. रक्तदाबावर आज अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध असल्याने डॉक्टरही रेसर्पिन क्वचितच देतात. नावावरून सर्पदंशावर हा उतारा असल्याची समजूत आहे, तिच्यावर विसंबून रुग्णालय गाठण्यास विलंब करणे म्हणजे जिवाशी खेळ होय. पिकलेली काळी फळे मुलांच्या तोंडी जाणार नाहीत अशा जागी कुंडी ठेवावी, हे ओघानेच आले.

मग, जे औषध म्हणून घ्यावयाचे नाही ते झाड घरी लावावे तरी कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मुळासाठी हे झाड लावणारा शेतकरी दीड ते तीन वर्षे थांबतो आणि मग ते खणून काढतो. आपल्याला त्याची गरज नाही. आपण मूळ जमिनीतच राहू द्यावे आणि दर वर्षी बी तेवढे घ्यावे. ते तपासून, जड निघालेले शेजाऱ्याला, शाळेच्या बागेला, गावाकडच्या भावाला द्यावे. आमच्यासारख्या सरकारी नोकरांची बदली झाली तर कुंडी मागे राहील. मूठभर बी मात्र खिशातून कोठेही नेता येईल. जी वनस्पती मुळासाठी नाहीशी होत आली, तिचा वंश बियाने राखता येतो. आणि ते काम गॅलरीतील एका खोल कुंडीतही होण्यासारखे आहे.