तहसील कचेरीतलं नरसाळं

जुन्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात तारेच्या कुंपणाआड एक डबा जमिनीत रोवलेला दिसतो. तो पर्जन्यमापक. १८६० च्या सुमारास ब्रिटनभर पाऊस मोजणाऱ्या हौशी मंडळींचं जाळं विणणाऱ्या जॉर्ज सायमन्स यांचं नाव त्याला मिळालं. १२७ मिलिमीटर व्यासाचं नरसाळं, खाली बाटली, काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच. सकाळी साडेआठला पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा.

यात चुकण्यासारखं काय? पुष्कळ. वारा जोराचा असला की थेंब काठावरून पलीकडे जातात. अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, पण आवारात लावलेलं रोप वीस-तीस वर्षांत झाड होतं आणि वहीतला पाऊस हळूहळू आटत जातो. त्याला हवामानबदल म्हणायचं की कडुनिंब? रविवारचा पाऊस सोमवारी एकत्र मोजला, तर महिन्याची बेरीज बरोबर येते. मात्र कागदावर सोमवारी अतिवृष्टी झालेली असते. अतिवृष्टीच मोजायला निघालेल्या संशोधकाला ही चूक फार महागात पडते.

शिवाय नरसाळ्यात पडतो तो तिथलाच पाऊस. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही आकडे खरे! त्या दिवशी एकटं कुलाबा असतं, तर मुंबईच्या इतिहासात तो साधा पावसाळी दिवस ठरला असता.

म्हणूनच मापकांची संख्या मधेच वाढली किंवा घटली, तरी आकडेवारीत नसलेला कल दिसू लागतो. १९५१ पासूनच्या दैनंदिन पावसाचा देशव्यापी नकाशा रचताना हवामान खात्याच्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी ६,३२९ केंद्रांपैकी निदान ९० टक्के नोंदी असलेली १,८०३ केंद्रंच घेतली. साडेचार हजार केंद्रं बाजूला ठेवायला धाडस लागतं. त्याच आकडेवारीवरून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं, की मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या आणि मोसमाची सरासरी मात्र जवळपास तशीच राहिली.

आता स्वयंचलित मापक आले आहेत. त्यातली छोटी पळी भरली की कलंडते. मुसळधार पावसात ती कलंडेपर्यंत थोडं पाणी मोजायचं राहून जातं. त्यामुळे जुना डबा काढण्याआधी दोन्ही मापक काही पावसाळे शेजारी शेजारी चालवायला हवेत, आणि नवा कधी, कुठे बसवला हेही त्याच वहीत लिहायला हवं.