तलावाचा सामू सांगणारा लाल रंग

जलतरण तलावाच्या पाण्याचा सामू (pH) साधारणपणे ७.२ ते ७.८ या पट्ट्यात राखला जातो. हा पट्टा ठरण्यामागे मुख्यतः क्लोरीनचे रसायन आहे. तलावात ब्लीचिंग पावडर टाका, क्लोरीन वायू सोडा किंवा सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओता, पाण्यात शेवटी तयार होते ते हायपोक्लोरस आम्ल, आणि जंतू मारण्याचे खरे काम तेच करते. हे आम्ल दुबळे आहे. त्याचे काही रेणू हायड्रोजन आयन सोडून देतात आणि हायपोक्लोराइट आयन बनतात. ऋणभारित असलेला हा आयन जिवाणूंच्या आवरणातून सहज आत शिरत नाही, त्यामुळे जंतुनाशक म्हणून तो फारच कमी पडतो. सामू साडेसातच्या आसपास असताना ही दोन्ही रूपे निम्मी निम्मी असतात. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश भाग कामाच्या रूपात असतो, ८.२ ला तो जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. क्लोरीनची मात्रा तीच असताना केवळ सामू चढल्याने त्याची ताकद तिपटीहून जास्त घटते. क्लोरीन पुरेसा आहे एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे आहे. उलट सामू फार उतरला, तर डोळे चुरचुरतात, धातूचे पाइप गंजतात आणि तलावाच्या भिंतींचा गिलावा झिजू लागतो.

सामूची मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ साली मांडली. ही पट्टी घातांकी आहे: सामू एकाने वाढला की हायड्रोजन आयन दहापटीने कमी होतात. तलावावर सामू मोजण्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा दर्शक म्हणजे फिनॉल रेड. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या पोषक द्रवातही हाच रंग घालतात, कारण रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो आणि फिनॉल रेडचा रंग नेमका त्याच भागात पालटतो.

फिनॉल रेड हेही एक दुबळे आम्लच आहे. हायड्रोजन जवळ असताना त्याचा रेणू निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि पिवळा दिसतो. हायड्रोजन सुटला की रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो हिरवा प्रकाश शोषू लागतो आणि लाल-गुलाबी दिसतो. पाण्यात दोन्ही रूपे एकत्र असतात. त्यांचे प्रमाण हायड्रोजन आयनांवर ठरते आणि डोळ्याला दिसतो तो त्यांच्या मिश्रणाचा रंग, म्हणजे मधल्या टप्प्यावर नारिंगी. या रंगाचा समतोलबिंदू साडेसात ते आठच्या दरम्यान येतो, हायपोक्लोरस आम्लाच्या समतोलबिंदूच्या अगदी शेजारी. चाचणीच्या नळीतला रंग पिवळ्याकडून गुलाबीकडे सरकतो, त्याच टप्प्यात तलावातला क्लोरीनही दुबळा होत असतो. तलावासाठी याहून सोयीचा दर्शक शोधणे कठीण.

मात्र एक रूप दुसऱ्याच्या सुमारे दहापट झाले की कमी असलेले रूप डोळ्याला जाणवेनासे होते. त्यामुळे फिनॉल रेडची उपयुक्त कक्षा ६.८ ते ८.२ एवढीच आहे. नळी पिवळीधमक दिसली तर सामू ६.८ असेल किंवा ५. रंगावरून त्यातला फरक कळत नाही.

रंग पालटणारा पदार्थ मराठी घरात पूर्वापार आहे. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तेव्हा हळदीतले करक्युमिन अल्कलीत लाल होते. तोही बदल साडेसात-आठच्या पुढेच घडतो. पण करक्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि अल्कलीत टिकतही नाही, म्हणून छटा ताडून पाहण्यासाठी ते निरुपयोगी ठरते.

चाचणीचा नमुना पृष्ठभागावरून न घेता हात कोपरापर्यंत बुडवून घेतात. नळीत ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून दर्शकाचे मोजके थेंब, बहुधा पाच, टाकतात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिवसाच्या उजेडात रंगपट्टीशी छटा जुळवतात. पिवळ्या दिव्याखाली ही तुलना हमखास फसते.

सर्वांत मोठी फसगत क्लोरीनच करतो. तो रंगद्रव्यावर हल्ला करतो, म्हणून दर्शकाच्या बाटलीत बहुधा क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट मिसळलेले असते. क्लोरीन फार जास्त असेल तर ते पुरे पडत नाही. मग काही फिनॉल रेडचे क्लोरोफिनॉल रेड होते. हा वेगळाच दर्शक आहे. तो सात सामूच्या आधीच जांभळा झालेला असतो. जांभळी नळी पाहून सामू प्रचंड वाढल्याचा समज होतो आणि नको असताना आम्ल ओतले जाते. जांभळा रंग दिसला की आधी क्लोरीन मोजावा, तो उतरू द्यावा आणि मगच सामू पाहावा.

सामू कळला तरी आम्ल किती टाकायचे हे त्यावरून कळत नाही. पाण्यातले बायकार्बोनेट आयन टाकलेले आम्ल शोषून घेतात, त्यामुळे ७.८ सामूच्या दोन तलावांना वेगवेगळे आम्ल लागू शकते. यासाठी त्याच गुलाबी नमुन्यात प्रमाणित आम्ल थेंबाथेंबाने घालतात आणि हवी ती छटा येईपर्यंत थेंब मोजतात. त्यावरून तलावाच्या घनफळानुसार हायड्रोक्लोरिक आम्लाची मात्रा काढतात. सामू उतरलेला असेल तर सोडा ॲश वापरतात. आम्ल शोषताना बायकार्बोनेटमधून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हळूहळू उडून जातो आणि सामू पुन्हा वर सरकतो. कारंजी किंवा धबधबे असलेल्या तलावात हे अधिक वेगाने घडते, म्हणून तिथे चाचणीही अधिक वेळा करावी लागते.