बिनतारी विमानविद्या : लेखांक पाचवा – एका कळीचे उड्डाण

मागील लेखांकात बाल्सा लाकडाचा सांगाडा आणि इंजिन यांचा परामर्श घेतल्यावर आता नियंत्रणाचा विषय हाती घेणे क्रमप्राप्त आहे. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३७ साली ‘गफ’ नावाचे आपले विमान बिनतारी संदेशांवर उडविले, आणि पुढे सुकाणू हवे तितकेच वळविणारी यंत्रणा सर्वत्र रूढ होईपर्यंत असंख्य हौशी वैमानिकांनी केवळ एका कळीच्या प्रेषकावर आपली हौस भागविली.

ही कळ दाबली की प्रेषकातून बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर निघे. विमानातील ग्राहकाच्या नलिकेतून वाहणारा प्रवाह त्या लहरीने बदले, त्या बदलाने रिले हले, रिलेमुळे विद्युतचुंबक जागृत होऊन अडसर ओढी, आणि विमानाच्या पोटात पीळ देऊन ताणलेला रबराचा पट्टा पाव फेरा उलगडून सुकाणू उजवीकडे फिरवी. कळ सोडताच सुकाणू सरळ. पुन्हा दाबली तर डावीकडे, सोडली की परत सरळ. उजवीकडून पुन्हा उजवीकडेच वळावयाचे असल्यास मधली डावी पायरी झटकन ओलांडावी लागे, यास्तव मागचे वळण कोणते होते हे वैमानिकाला सतत ध्यानात ठेवावे लागे. इंजिनाचा वेग कमी करण्याची सोय बहुधा नसे. इंधन संपेतो विमान चढत राही आणि मग तरंगत उतरे. हुकूम न मिळताही स्वतःच सावरेल इतके समतोल विमान बांधणे त्यामुळे अपरिहार्य ठरले, आणि माझ्या मते या जुन्या यंत्रणेचे खरे शिक्षण याच बांधणीत आहे. आजच्या प्रेषकाने रचनेतील दोष झाकता येतात, तेव्हा ते झाकता येत नसत.

आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने सरकारी परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरविला होता. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील मुलांनी तारांना बांधून वर्तुळात फिरविलेल्या विमानांना असा परवाना लागत नसे.

जळगाव जामोदच्या वाचकांपैकी ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याची सपाट काळी जमीन आहे. पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली वावरे विमान उतरविण्यास उत्तम, मात्र चैत्र-वैशाखात उन्हे चढताच वावटळी उठतात, म्हणून सकाळचाच प्रहर निवडावा. केवळ सुकाणूवर चालणारे हे मंदगती विमान वाऱ्यावर वाहवले तर परत आणणे दुर्घट, तेव्हा ते सदैव वाऱ्याच्या येत्या दिशेस राखावे. आणि जुना ग्राहक जवळच्या दोन लहरींत भेद करू शकत नसल्याने एका वेळी एकच विमान आकाशात असावे. लहरी व उड्डाण यांविषयीचे प्रचलित सरकारी नियम आधी पाहून घेणे हे सांगणे नलगे.

कोणाच्या माळ्यावर असा संच पडून असेल तर तो भंगारात देऊ नये. प्रथम त्यातील जुने सेल काढावेत, कारण त्यांतून पाझरणारे द्रव्य तांब्याचे जोड खाऊन टाकते, आणि मग एखाद्या जाणत्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्यास तो दाखवावा.