जंक्शन होतं, रस्ता नव्हता!

जंक्शन म्हटलं की मला कल्याण दिसतं. कर्जतची लोकल इकडे, कसाऱ्याची तिकडे, पुलावर चेंगराचेंगरी आणि स्टॉलवर वडापावसाठी झुंबड. मी वाढलेच तिथे. त्यामुळे ‘एका जंक्शनला बाहेर पडायला रस्ताच नव्हता’ असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण असं जंक्शन खरंच होतं. स्कॉटलंडमध्ये, इंग्लंडच्या सीमेजवळच्या ओसाड डोंगरात. नाव रिकार्टन जंक्शन. १ जुलै १८६२ ला ते प्रवाशांसाठी सुरू झालं. एडिनबराहून हॉविकमार्गे कार्लाइलला जाणारी ‘वेव्हर्ली’ लाइन (हे नाव सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून) आणि हेक्समहून येणारी ‘बॉर्डर काउंटीज’ लाइन इथे भेटायच्या.

आता प्रश्न असा, की माणूस नाही त्या ठिकाणी जंक्शन कशाला? उत्तर एकदम कॉर्पोरेट आहे. नॉर्थ ब्रिटिश रेल्वे कंपनीला प्रतिस्पर्धी कंपनीला टाळून न्यूकासलपर्यंत पोचायचं होतं. नकाशावर दोन रेघा जिथे जुळल्या, तिथे स्टेशन! गंमत म्हणजे, हेक्समहून पुढे न्यूकासलला जायला प्रतिस्पर्ध्याचेच रूळ लागणार होते. त्या बदल्यात नॉर्थ ब्रिटिशने बेरिकहून एडिनबराला जाणारा आपला मेन लाइनचा मार्ग त्याच्या गाड्यांसाठी मोकळा करून दिला. फायदा कुणाचा झाला, हे सांगायला एमबीए लागत नाही.

पण स्टेशन झालं म्हणजे माणसं आली. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांना इथे पंचाहत्तरास एक असा मैलोन् मैल चढ होता. मग मागून ढकलायला जादा इंजिनं, त्या इंजिनांची शेड, ड्रायव्हर, फायरमन, सिग्नलवाले आणि त्यांचे संसार. बघता बघता शंभरावर वस्तीचं गाव उभं राहिलं. सगळं गाव रेल्वेचं! गावात शाळा होती, पोस्ट होतं. हॉविकच्या सहकारी संस्थेचं किराणा दुकान तर थेट प्लॅटफॉर्मवर. डॉक्टर यायचा तोही गाडीनेच. पीठ, कोळसा, पत्रं, पाहुणे... सगळ्यांची वाट एकच, रुळांची. आपली ८.१२ चुकली तर लेटमार्क लागतो. त्यांची गाडी चुकली, तर दुसरा पर्याय म्हणजे डोंगर तुडवणं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त चटका लावतो तो पुढचा भाग. १९५६ मध्ये हेक्समची पॅसेंजर सेवा बंद झाली. म्हणजे आता नावापुरतंच जंक्शन. दोन वर्षांनी इंजिनशेडही गेली. मग १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा गाजलेला अहवाल आला. तोट्यातल्या लाइनी आणि दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करा, असं त्याने सुचवलं. त्यात वेव्हर्लीचंही नाव होतं. रिकार्टनला वनखात्याचा कच्चा रस्ता पोचला, तोसुद्धा साठच्या दशकात. रस्ता आला, तेव्हा गाव सोडायची वेळ झाली होती.

लोक गप्प बसले नाहीत. हॉविकच्या मॅज एलियट यांनी हजारो सह्यांचा अर्ज थेट पंतप्रधानांच्या दारी नेऊन दिला. तरीही ५ जानेवारी १९६९ च्या रात्री एडिनबराहून लंडनला जाणारी शेवटची गाडी सुटली. हॉविकला तिच्यात चक्क एक शवपेटी चढवली गेली, लाइनच्या जन्म-मृत्यूची सालं लिहिलेली. पुढे न्यूकासलटनला गावकऱ्यांनी फाटक अडवलं. गावच्या पाद्रीबुवांना, ब्रायडन मेबन यांना, पोलिसांनी पकडलं. गाडीतच असलेले स्थानिक खासदार डेव्हिड स्टील खाली उतरले आणि तोडगा निघाला. पाद्रीबुवांना सोडा, आम्ही रूळ मोकळे करतो! सुमारे दोन तासांनी गाडी हलली आणि लाइन संपली. पुढची सेहेचाळीस वर्षं स्कॉटिश बॉर्डर्स या अख्ख्या भागात एकही चालू स्टेशन नव्हतं.

वहीतला हिशेब बरोबर असेलही. रिकार्टनला तिकिटं किती खपत असणार? पण त्या वहीत ‘डॉक्टर वेळेवर पोचला’ असा रकानाच नव्हता. रोजचा प्रवास आपण टाइमपास, कटकट, ‘डेड टाइम’ म्हणून मोजतो. तो बंद झाला की मगच कळतं, आपलं कायकाय त्याच्यावर उभं होतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये या लाइनचा उत्तरेकडचा तुकडा पुन्हा सुरू झाला, एडिनबरा ते ट्वीडबँक. पहिल्याच वर्षात दहा लाखांहून जास्त प्रवास झाले. म्हणजे गर्दी होती, गाडी नव्हती! एडिनबरात नोकरी करणाऱ्या मैत्रिणीकडे गेले होते, तेव्हा मीही त्या गाडीत बसले. हिरव्या टेकड्या, खिडकीपाशी मेंढ्या, तासाभरात ट्वीडबँक. सगळे उतरले आणि पार्किंगकडे पांगले. पुढे रूळ नाहीत. हॉविक अजून वाट बघतंय. त्याच्याही पलीकडे, झाडांच्या गर्दीत, रिकार्टनचा प्लॅटफॉर्म आहे. तिथे आता कुणीच ‘जरा सरका ना’ म्हणत नाही.